आठ सिलिंडर आणि कानसाहेब

कानसाहेब इस्पितळात कान तपासायचे. म्हणजे ते डॉक्टर नव्हेत. डॉक्टर कानात डोकावून बघतात. त्या कानाला ऐकू किती येतं, ते कानसाहेब मोजत. त्यासाठी तळमजल्यावर त्यांना एक खोली दिली होती. भिंतींना गादी, दाराला गादी, छतालाही गादी. पेशंटला काचेपलीकडे बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि मशीनमधून बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. त्या खोलीत स्वतःच्या पोटातली गुरगूरसुद्धा शेजारच्याने केल्यासारखी ऐकू येते. अशा जागी उमेदीची वर्षं काढलेला माणूस हळू बोलतो, हळू चालतो, आणि कडी अशी लावतो की कडीलाही पत्ता लागू नये.

अशा माणसाला वेड कसलं असावं, तर अमेरिकेतल्या जुन्या दांडग्या गाड्यांचं. त्या लांबलचक बॉनेटच्या, पहिलवानासारख्या खांद्यांच्या मसल कार. आणि त्यातही जीव अडकलेला त्यांच्या इंजिनात. एका बाजूला चार सिलिंडर, दुसऱ्या बाजूला चार, दोन्ही रांगा हाताच्या दोन बोटांसारख्या फाकलेल्या. हल्लीच्या गाड्या सुंऽऽ करून जातात. हे इंजिन नुसतं उभं असलं तरी खालच्या पट्टीत गुडगुडतं, आणि तेही एका ठेक्यात नाही. मध्येच अडखळल्यासारखं करतं आणि पुन्हा दुप्पट जोराने सावरतं.

"दोन्ही रांगा पाळीपाळीने पेट घेत नाहीत ना," कानसाहेबांनी एकदा जेवताना बायकोला समजावून सांगितलं होतं. "एका रांगेतले दोन लागोपाठ बोलतात, मग पलीकडचा एक, मग पुन्हा अलीकडचा. त्यामुळे ती गंमत येते."

बायको शाळेत मुख्याध्यापिका होती. शाळा तिला मोठ्या बाई म्हणे आणि घरातही तोच कारभार होता. "रांग मोडून बोलणाऱ्या अशा आठ जणांना," ती म्हणाली, "मी वर्गाबाहेर उभं करते."

विषय तिथे संपायला हरकत नव्हती. कानसाहेबांकडे एक स्कूटर होती, मासिकांचा गठ्ठा होता, आणि मोबाइलवर बघायला हवे तितके व्हिडिओ होते. असली गाडी त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती. पण एके दिवशी बोटीवरचे एक निवृत्त इंजिनिअर कान तपासायला आले. जन्मभर इंजिनरूममध्ये उभे राहिल्यामुळे त्यांना पक्ष्यांचा आवाज येईनासा झाला होता. बोलता बोलता विषय इंजिनांवर गेला आणि म्हातारबुवा सहज म्हणाले, "माझ्याकडे एक आठ सिलिंडरची पडून आहे. तरुणपणी बोटीवरून आणली होती. बंगला पाडायचाय, मुलगा म्हणतो भंगारात द्या. माझ्या जिवावर येतं. तुम्ही नेता का?"

कानसाहेबांनी तपासणी तिथेच थांबवली. म्हातारबुवांचा डावा कान त्या दिवशी मोजायचा राहिला तो राहिलाच.

गाडी वेलीखाली होती. वेल तोडल्यावर गंज दिसला आणि गंज खरवडल्यावर कुठेकुठे नारिंगी रंग. दोनच दारं, पण एकेक दार घराच्या दारापेक्षा जड. पुढे कोचासारखी सलग सीट, आणि स्टिअरिंग डावीकडे. कानसाहेबांनी बॉनेटवर हात ठेवला, तेव्हा त्यांना गहिवरून आलं. मोठ्या बाई सोबत होत्या. त्यांना शिंका आल्या.

ओढणाऱ्या ट्रकने गाडी सोसायटीच्या फाटकापर्यंत आणली. पुढे ट्रक उंचीमुळे कमानीखालून जाईना. तेव्हा ट्रकवाल्याने गाडी गल्लीत उतरवली, "आता काय, ढकलली की गेली," असं सांगितलं आणि तो निघून गेला. हे वाक्य बोलणाऱ्या माणसावर जगाने कधीही विश्वास ठेवू नये.

सोसायटीचे सेक्रेटरी वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या खिशात टेप कायम. त्यांनी फाटक मोजलं, गाडी मोजली आणि जाहीर केलं, "जाते. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं उरतात." हिशोब बरोबर होता. फक्त गाडी सरळ येणार असं त्यात धरलं होतं, आणि गल्लीतून फाटकात वळावं लागत होतं. मागून जमेल त्याने ढकललं. स्टिअरिंगवर अर्थातच कानसाहेब. त्यांनी ते जिवाच्या आकांताने वळवलं, गाडी तिरकी आत शिरली, उजवा पुढचा कोपरा एका खांबाला आणि डावी मागची बाजू दुसऱ्या खांबाला टेकली, आणि बाटलीच्या तोंडात बूच बसावं तशी ती फाटकात बसली. पुढे जाईना, मागे येईना.

सकाळची वेळ. अर्ध्या सोसायटीला बाहेर जायचं होतं आणि उरलेल्या अर्धीकडे कोणी ना कोणी यायचं होतं. दुसरं फाटक नाही. थोडा वेळ सगळे नुसते बघत राहिले. मग दूध टाकणाऱ्याच्या लक्षात आलं, की गाडीचं उजवं दार गल्लीत उघडतंय आणि डावं सोसायटीत. तो उजवीकडून आत शिरला, सीटवरून घसरत गेला आणि डावीकडून बाहेर पडला. "सीट मऊ आहे, साहेब," जाता जाता त्याने सांगितलं.

झालं. वाट सापडली. आत जाणाऱ्यांनी आत जावं, बाहेर जाणाऱ्यांनी बाहेर, आणि समोरासमोर आले तर ज्येष्ठांना आधी. शाळेची मुलं दप्तरांसकट घसरत गेली आणि पलीकडे उतरून, काहीतरी विसरल्याचं सांगून, परत घसरत आली. कानसाहेब आतल्या बाजूला दार धरून उभे होते, आणि जो तो चढता-उतरताना त्यांच्या हातावर एकेक सल्ला ठेवून जात होता.

"विमा काढलाय का?" दुसऱ्या मजल्यावरच्या विमा एजंटने विचारलं. "गाडीचा नव्हे. तुमचा."

"गंजका पत्रा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन टाका."

"माझ्या मेव्हण्याने अशीच गाडी घेतली होती," एक गृहस्थ म्हणाले. पुढे मेव्हण्याचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. नुसती मान हलवली आणि निघून गेले.

सेक्रेटरी बाहेर निघाले होते. ते डावीकडून चढले आणि पोट स्टिअरिंगला अडकून तिथेच बसले. बसले ते उठेनात. लोक बाहेर खोळंबले. कानसाहेबांनी वाकून बघितलं, तर सेक्रेटरींचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि ते समोरच्या काचेतून कुठेतरी लांब बघत होते. ओठ किंचित पुढे आले होते. मग भानावर येऊन ते म्हणाले, "हे नियमाला धरून नाही," आणि पोट आत ओढून पलीकडे सरकले.

शेवटी मोठ्या बाई आल्या. कडक इस्त्री, हातात फायली. आत बसल्या, सरकल्या आणि उजवं दार उघडण्याआधी समोर बघत म्हणाल्या, "संध्याकाळी मला पायी आत यायचं आहे."

कानसाहेबांनी त्या दिवशी रजा टाकली. खांब पाडायला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, असं समजलं. मग बोटात अडकलेली अंगठी काढतात ती युक्ती केली. टायरमधली हवा सोडली, घराघरांतून साबण गोळा केला, दोन्ही खांबांना आणि गाडीच्या कुशींना फेस फासला आणि सगळ्यांनी मिळून रेटा दिला. गाडी सुळकन आत गेली, थेट सेक्रेटरींच्या जागेवर. सेक्रेटरींनी टेप काढून दाखवून दिलं, की ती त्यांची जागा पूर्ण आणि पलीकडची अर्धी व्यापते.

सभा झाली. महिनाअखेरपर्यंत गाडी चालू करून तिची नोंदणी नवी करून आणायची, नाहीतर ती भंगारात जाणार, असं ठरलं. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत मोठ्या बाईंचाही हात होता. कानसाहेबांनी तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

वाहन कार्यालयात पहिल्या खिडकीवरच्या बाईंनी इंजिनाचा आकार वाचला आणि म्हणाल्या, "हा ट्रक आहे. अवजड वाहनांच्या खिडकीवर जा."

अवजड खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं, "चाकं किती?"

"चार."

"मग माल काय वाहता?"

"काहीच नाही."

"मग एवढं मोठं इंजिन कशाला?"

या प्रश्नाला कानसाहेबांकडे फार सुंदर उत्तर होतं, पण ते इतकं हळू बोलले, की कारकुनाने काचेच्या भोकाला कान लावला, काही कळलं नाही म्हणून कंटाळला आणि अर्जावर शिक्का मारला. गाडी तपासणीला आणा, चालत्या स्थितीत.

चालत्या स्थितीत आणण्यासाठी मास्तर आले. मास्तर पाण्याचे पंप दुरुस्त करत. "आठ सिलिंडर म्हणजे काय, चाराचे दोन पंप," असं म्हणून त्यांनी बाह्या सरसावल्या. टाकी धुतली, कार्बोरेटर उकळत्या पाण्यात बुडवला, प्लग बदलले, दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडली. किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा शिंकलं आणि तिसऱ्यांदा मागच्या नळीतून तोफ उडावी तसा बार झाला. नळीत उंदरांचं घरटं होतं. कापूस, चिंध्या, कोणाच्या तरी विम्याच्या कागदाचे कपटे, असं सगळं मागे उभ्या असलेल्या सेक्रेटरींच्या पांढऱ्या शर्टावर जाऊन बसलं.

"आता गळा मोकळा झाला," मास्तर म्हणाले. सेक्रेटरींनी आधी तोंडातला कापूस काढला.

इंजिन आता चालू होई, पण लंगडत. मास्तरांनी हात टेकले. तेव्हा कानसाहेबांनी घरातून रबरी नळी आणली, एक टोक कानात घातलं, दुसरं इंजिनावर फिरवायला लागले आणि मास्तरांना एकेका प्लगची वायर काढून परत लावायला सांगितली. वायर काढली की आवाज खचायचा, म्हणजे तो सिलिंडर कामाचा. एका ठिकाणी वायर काढली आणि आवाजात काडीचा फरक पडला नाही. "हा ऐकतच नाहीये," कानसाहेब म्हणाले. पुढे शेजारचाही तसाच निघाला. दोघांच्या वायरी मास्तरांनी एकमेकांना लावल्या होत्या. वायरींची अदलाबदल केली आणि कानसाहेबांनी स्वतः किल्ली फिरवली.

त्या आवाजाचं वर्णन करायला बसलं तर कठीण आहे. सुरुवातीला तो आवाज वाटलाच नाही. जमीन हलली. मग खिडक्यांची तावदानं बोलायला लागली, उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांचे भोंगे एकदम किंचाळले, पाण्याच्या टाकीवरची कबुतरं गेली ती दुसऱ्या दिवसापर्यंत आली नाहीत. कानसाहेब आत बसून हसत होते. गादीच्या खोलीत दाबून ठेवलेलं वर्षानुवर्षांचं हसू एकदम बाहेर पडावं तसे हसत होते, आणि ते कोणालाच ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या गॅलरीत त्यांच्या सासूबाई आल्या. सासूबाईंना कमी ऐकू येई, पण जावयाकडून कान तपासून घ्यायला त्यांचा ठाम नकार होता. त्यांचं म्हणणं, "माझे कान ठणठणीत आहेत. जावईबापू पुटपुटतात." आता त्या कठड्यावर ओणवल्या, चेहरा उजळला आणि त्यांनी खाली बघून सांगितलं, "इतक्या वर्षांत या घरातलं कोणीतरी नीट बोललं."

बाकीच्यांचं मत असं नव्हतं. सेक्रेटरींनी पालिकेच्या आवाज नियंत्रण कक्षाकडे तक्रार केली. कक्षाकडे आवाज मोजायचं यंत्र होतं, पण बिघडलेलं. म्हणून तक्रार, मोजणी करून अहवाल द्यावा अशा शेऱ्यासह, इस्पितळाकडे गेली. इस्पितळात आवाज मोजणारा माणूस एकच होता. मोठ्या डॉक्टरांनी पत्ता न वाचता सही केली आणि कागद कानसाहेबांच्या टेबलावर आला.

कानसाहेब दुपारी इस्पितळाच्या गाडीतून, गळ्यात ओळखपत्र आणि हातात मापयंत्र घेऊन, स्वतःच्या घरी आले. त्यांनी स्वतःच्याच दाराची घंटा वाजवली. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मोठ्या बाईंनी दार उघडलं.

"किल्ली विसरलात?"

"मी कामावर आहे. गाडीमालक घरात आहेत का?"

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ते कामावर गेलेत," त्या म्हणाल्या. "आले की पाठवते."

खाली सेक्रेटरी टेप घेऊन हजर होतेच. यंत्र किती अंतरावर ठेवायचं हे नियमात असतं आणि ते अंतर सेक्रेटरींनी दोनदा मोजलं. कानसाहेबांनी गाडी सुरू केली, उतरून यंत्रापाशी गेले. काटा मर्यादेच्या इतका पलीकडे गेला, की वाचायची गरजच उरली नाही. यंत्र हळूच दोन पावलं मागे न्यावं असा विचार त्यांच्या मनात आला. सेक्रेटरींचं लक्ष त्या क्षणी नेमकं गाडीकडे होतं. पायाने ठेकाही धरला होता, खोटं कशाला सांगा. पण शाळाशाळांतून 'कान सांभाळा' असं व्याख्यान देत फिरणारा हा माणूस. त्यांनी काटा होता तिथला आकडा लिहिला, मोजणारा म्हणून एक सही केली, गाडीमालक म्हणून दुसरी केली आणि स्वतःला नोटीस देऊन इस्पितळात परत गेले.

मास्तरांनी ट्रकचा भलामोठा सायलेन्सर आणून गाडीच्या पोटाखाली बसवला. काही बोल्टने, काही तारेने. इंजिन सुरू झालं, आणि कोणीतरी उशीत तोंड खुपसून बोलावं तसं बोललं. यंत्राचा काटा मर्यादेच्या आत राहिला. सेक्रेटरी म्हणाले, "ठीक आहे," पण त्यात काही दम नव्हता. सासूबाई गॅलरीतून आत गेल्या. रात्री कानसाहेब जेवले नाहीत. मोठ्या बाईंनी ताट झाकलं आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "पूर्वीचा बरा होता." कानसाहेबांना वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

तपासणीच्या दिवशी गाडी पुन्हा साबण लावून फाटकाबाहेर काढली आणि ट्रकवर चढवून वाहन कार्यालयाच्या मैदानात नेली. सासूबाईंनी येण्याचा हट्ट धरला. त्यांना सांभाळायला मोठ्या बाईही आल्या. तपासनीस उंच, आंबट चेहऱ्याचे. त्यांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, आवाज मोजला, बॉनेट उघडून आत बराच वेळ पाहत राहिले. मग कोरडेपणाने म्हणाले, "एवढ्या देहाचा एवढाच आवाज?"

कानसाहेबांनी मान खाली घातली.

"बरं. चालवून दाखवा. इथेच, आठाच्या आकड्यात. लायसन्स?"

लायसन्ससाठी उमेदवारांकडून आठाचा आकडा काढून घेत, ते हेच मैदान. कानसाहेबांनी पाकिटातून लायसन्स काढून दिलं. तपासनिसांनी ते उलटंसुलटं केलं. "हे स्कूटरचं आहे."

गाडीच्या प्रत्येक प्लगची वायर ज्यांना तोंडपाठ होती, त्यांना गाडी चालवता येत नव्हती. इतकी वर्षं त्यांच्या स्वप्नात ते नेहमी चालवतच होते, त्यामुळे शिकायचं राहून गेलं होतं.

"मालक नको, कोणीही चालेल," तपासनीस म्हणाले. "पण आज. उद्यापासून अर्ज बाद."

मोठ्या बाईंनी पर्स उघडली. शाळेची व्हॅन चालवणारा माणूस वरचेवर रजेवर जाई म्हणून त्यांनी लायसन्स काढलं होतं. ते त्यांनी तपासनिसांच्या हातावर ठेवलं, नवऱ्याकडे बघितलं नाही, डावं दार उघडलं आणि आत बसल्या. शेजारी सासूबाई आधीच जाऊन बसल्या होत्या. कानसाहेब आणि तपासनीस मैदानाच्या कडेला उभे राहिले.

पहिला आठ मोठ्या बाईंनी परिपाठाच्या शिस्तीत काढला. दुसऱ्या आठाच्या कंबरेत गाडी एका खड्ड्यातून गेली, खाली कडाड असं काहीतरी झालं आणि ट्रकचा सायलेन्सर, तारेसकट, मैदानात लोळत गेला. आणि आठही सिलिंडर एकदम बोलले.

कार्यालयाच्या खिडक्या उघडल्या. ट्रक म्हणणाऱ्या बाई बाहेर आल्या, अवजड खिडकीवरचा कारकून बाहेर आला, फोटो काढायला बसलेले उमेदवार तसेच उठून आले. कानसाहेब तपासनिसांकडे बघायचं धाडस करीनात. आता मोठ्या बाई गाडी थांबवतील, सगळं संपेल. पण गाडी थांबली नाही. ती वळली, मागून धूळ उडवली आणि तिसऱ्या आठात शिरली, पहिल्यापेक्षा बऱ्याच वेगात. खिडकीतून मोठ्या बाईंचा चेहरा क्षणभर दिसला. अंबाडा सुटला होता. शेजारी सासूबाई टाळ्या वाजवत होत्या. चौथ्या आठाला मोठ्या बाईंनी कोपर खिडकीवर टेकवलं.

"तो परत बसवल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही," तपासनीस सायलेन्सरकडे बोट करून ओरडले. त्यांनी कागदावर सही केली, शिक्का मारला, मग कानसाहेबांच्या कानाशी वाकले. "पण घाई नाही. मैदान सुट्टी होईपर्यंत मोकळं आहे."

शेवटी गाडी येऊन कानसाहेबांपुढे थांबली. खाली जमीन गुडगुडत होती. मोठ्या बाईंनी काच आधीच खाली केलेली होती.

"अहो, ते पडलेलं डिकीत टाका आणि मागे बसा."

"मागे?"

"पुढे आई बसलीय."

कानसाहेब सायलेन्सर उचलून आले आणि सीट वाकवून मागे शिरले. तेवढ्यात तपासनीस खिडकीशी आले. आंबट चेहरा कुठच्या कुठे गेला होता. "बाई, तपासणीचाच भाग म्हणून," ते म्हणाले, "एक आठ मी मारून बघू का?"

मोठ्या बाईंनी उशिरा आलेल्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं त्यांच्याकडे पाहिलं. "मागे बसा," त्या म्हणाल्या.

तपासनीस मुकाट्याने मागे बसले. दोघे पुरुष शेजारी शेजारी, हात गुडघ्यांवर. नळी बरोबर त्यांच्या बुडाखाली होती आणि मागच्या सीटवर आवाज सगळ्यात छान येत होता. मोठ्या बाईंनी पाय दाबला. कानसाहेबांनी डोळे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा, पूर्ण गळ्याने, बायकोला हाक मारून सांगितलं, "जरा जोरात घे."

"ऐकू येतंय," मोठ्या बाई म्हणाल्या, "ओरडू नका," आणि जोरात घेतली.